वाळवंटाचा सिंह उमर मुख्तार : विमानांना न दिसलेलं बातमीचं जाळं

उमर मुख्तार यांचं नाव आपल्या बहुतेक घरांत माहीत असतं. हातापायांत साखळदंड, पांढरी दाढी, अंगावर बदूंचा पांढरा जर्द आणि आजूबाजूला ऐटीत उभे असलेले इटालियन अधिकारी. हा फोटो दर सप्टेंबरमध्ये मोबाईलवर फिरतो. अँथनी क्विनने त्यांची भूमिका केलेला सिनेमाही अनेकांनी पाहिला असेल. त्यांच्या बहादुरीबद्दल त्यामुळे वेगळं सांगायला नको.

पण नुसत्या बहादुरीवर किती दिवस निघतात? घोड्यांवरची हजारेक माणसं, हातात जुन्या बंदुका. समोर विमानं, चिलखती गाड्या, मशीनगन आणि बिनतारी यंत्रं असलेली युरोपातली फौज. असा सामना एखाद्या हंगामात आटोपायला हवा होता. तहाची मधली काही वर्षं सोडली तर उमर मुख्तार १९११ पासून १९३१ पर्यंत टिकले. या वीस वर्षांचं कारण शोधायला गेलं की तलवार-बंदुकीपेक्षा दुसरीच एक गोष्ट सारखी समोर येते. ती म्हणजे बातमी. शत्रूची टोळी कुठून निघाली, किती माणसं, कोणत्या वाटेने, हे त्यांना आधी कळायचं. ते स्वतः आज रात्री कोणत्या दरीत आहेत, हे मात्र शत्रूला कळत नव्हतं.

त्यांचा जन्म १८५८ ते १८६२ च्या दरम्यान लिबियाच्या पूर्व भागात, तोब्रुकजवळच्या जंझूर इथे झाला. कबिला मनिफा. या भागाला अरबीत बरका म्हणतात, इटालियन लोक त्याला सिरेनाइका म्हणत. वालिद हजला निघाले आणि वाटेतच त्यांचा इंतिकाल झाला. जाण्यापूर्वी त्यांनी उमर आणि त्यांच्या भावाला शेख हुसैन गिरयानी यांच्या हवाली करण्याची वसीयत केली होती. अशा रीतीने हे यतीम पोर सनुसी तरीक्याच्या झावियात वाढलं. पुढची सुमारे आठ वर्षं ते जगबूबला शिकले. जगबूब हे सनुसींचं त्या काळचं मोठं दीनी विद्यापीठ. कुरआन, हदीस, फिक्ह आणि त्याबरोबर सुतारकाम, शेती अशी हाताची कामंही तिथे शिकवत.

झाविया म्हणजे नेमकं काय हे इथे समजून घ्यायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आपल्याकडची खानकाह, मदरसा, मुसाफिरखाना आणि पंचायत एकाच आवारात आणली तर झाविया तयार होईल. सनुसींनी बरक्यात अशा चाळीसहून जास्त झाविया उभ्या केल्या होत्या, आणि जागा फार विचार करून निवडल्या होत्या. काफिल्यांच्या वाटांवर, विहिरींजवळ, दोन कबिल्यांच्या हद्दीवर. मुसाफिराला तिथे जेवण आणि निवारा मिळे. मुसाफिर आला की त्याच्याबरोबर बातमी येणारच. कुठल्या विहिरीचं पाणी आटलं, कुठल्या बाजारात जवाचा भाव चढला, कोणत्या दोन घराण्यांत खून झाला. बसल्या जागी शेखच्या कानावर सगळा मुलूख येत असे.

१८९७ मध्ये उमर मुख्तार यांना अल-मर्जजवळच्या अल-कुसूर झावियाचे शेख नेमलं गेलं. तिथला अबीद कबिला भांडखोर म्हणून प्रसिद्ध होता, म्हणूनच मुद्दाम त्यांना पाठवलं असं सांगतात. मध्यंतरी काही वर्षं ते चाडमध्येही होते, तिथे फ्रेंचांशी लढाईचा पहिला अनुभव मिळाला. सुदानच्या वाटेवर काफिल्यासमोर आलेला सिंह त्यांनी मारला हा किस्सा याच काळातला. लोकांना तो फार आवडतो, त्यांना स्वतःला मात्र त्याचा डौल मिरवणं पसंत नव्हतं म्हणतात. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. कबिल्यांचे वंश, त्यांची आपसातली जुनी वैरं, वाळवंटातल्या वाटा, जनावरांवरच्या डागण्यांच्या खुणा, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. एखादा उंट भटकत दिसला तर तो कोणाचा आणि इतक्या लांब कसा आला, हे डागणी पाहून सांगणारा माणूस. या माहितीचा नकाशा कुठल्याच सैनिकी कचेरीत मिळत नाही.

सप्टेंबर १९११ च्या शेवटी इटलीने उस्मानी सल्तनतीविरुद्ध युद्ध पुकारलं आणि ऑक्टोबरात त्रिपोली, बेनगाझी, तोब्रुक, दर्ना या बंदरांवर फौज उतरवली. ही लढाई नव्या यंत्रांची प्रयोगशाळाच होती. जगात पहिल्यांदा युद्धात विमानातून टेहळणी झाली ती इथे, २३ ऑक्टोबर १९११ ला. पहिला बॉम्ब विमानातून टाकला गेला तोही इथेच, १ नोव्हेंबरला. गाव्होत्ती नावाच्या वैमानिकाने हाताने छोटे हातबॉम्ब ऐन झारा आणि ताजुरा इथे खाली फेकले. बिनतारी संदेशवहनाचे जनक मार्कोनी स्वतः यंत्रं पाहायला लिबियात आले होते. (हिंदुस्थानातल्या मुसलमानांना ही लढाई किती जवळची वाटली याची साक्ष म्हणजे अल्लामा इक्बाल यांची फातिमा बिन्त अब्दुल्लाहवरची नज्म. त्रिपोलीच्या रणात जखमींना पाणी पाजताना शहीद झालेल्या मुलीवर ती आहे.)

उमर मुख्तार तेव्हा पन्नाशीच्या आसपास होते. शिकवणं थांबवून ते आपल्या भागातली माणसं घेऊन बेनगाझीच्या आघाडीवर गेले. १९१२ मध्ये तुर्कांनी तह करून फौज काढून घेतली, तरी सनुसी लढत राहिले. पुढे तह झाले, मोडले. १९२२ मध्ये मुसोलिनी सत्तेवर आला आणि त्याने सगळे करार गुंडाळले. सनुसींचे अमीर सय्यद इद्रीस आजारपणामुळे इजिप्तला गेले आणि डोंगरातली सूत्रं या साठीच्या शिक्षकाच्या हातात आली.

डोंगर म्हणजे जबल अखदर, हिरवा डोंगर. वाळवंटाच्या कडेला ज्युनिपरची झाडी, खोल दऱ्या आणि गुहा. उमर मुख्तार यांनी कबिल्यांनुसार तुकड्या बांधल्या. एकेका तुकडीला दोर म्हणत, त्यात साधारण शंभर ते तीनशे माणसं. एक माणूस पडला की त्याच्याच कबिल्यातून दुसरा यायचा. इटालियन अधिकारी शत्रूचे इतके मेले, तितके मेले असे अहवाल रोमला पाठवत राहिले, आणि डोंगरातली संख्या होती तितकीच राहिली. त्यांना कळेना हे काय चाललंय.

गुपित असं होतं की बरक्यातले बहुसंख्य लोक कागदावर शरण आले होते. इटालियन त्यांना सोत्तोमेस्सी म्हणत, म्हणजे शरणागत. ते इटालियन ठाण्यांच्या जवळ तंबू ठोकून राहत, गुरं चारत, शहरांच्या बाजारात जात, सरकारी रस्त्यांवर मजुरी करत. काही जण तर इटालियन फौजेत शिपाई होते. हेच लोक डोंगराचे डोळे आणि कान होते. जव, चहा, साखर, कापड, काडतुसं आणि बातमी, सगळं त्यांच्याकडूनच वर जात होतं. इटलीने मित्र कबिल्यांना संरक्षणासाठी दिलेल्या बंदुकासुद्धा डोंगरात पोहोचत. उमर मुख्तार यांची माणसं इटलीच्या ताब्यातल्या तंबूंमधून उश्र वसूल करत. त्यांच्या तुकड्यांबरोबर काझी असत आणि लोक आपले तंटे तिथे सोडवून घेत. दिवसा इटलीचं राज्य, रात्री उमर मुख्तार यांचं, अशी स्थिती खुद्द इटालियन अधिकाऱ्यांनी मान्य केली होती.

आता ही दोन जाळी शेजारी ठेवून बघा. इटलीकडे विमान होतं, ते वरून शंभर किलोमीटर पाहू शकत होतं. पण वरून काय दिसतं? तंबू, उंट, शेळ्या. शरण आलेल्याचा तंबू आणि लढणाऱ्याचा तंबू वरून सारखाच. बिनतारी यंत्र एका मिनिटात बेनगाझीला खबर देई, पण ठाण्यातल्या अधिकाऱ्याला जितकं ठाऊक तितकंच ना. त्याला अरबी येत नव्हती, दुभाषा कोणाचा भाऊ होता हे त्याला माहीत नव्हतं. याउलट मेंढपाळाची बातमी घोड्यावरून जायला सहा तास लागोत की दहा, ती माणसं ओळखणाऱ्याकडून आलेली असायची. शिवाय यांत्रिक फौज हलते ती गाजावाजा करून. ट्रक जमवायचे, पेट्रोलचे पिंप भरायचे, पाण्याची सोय करायची, वाटाड्या शोधायचा. ठाण्याबाहेर शेळ्या चारणाऱ्याला एवढं पुरे होतं. फौज दरीत पोहोचेपर्यंत दरी रिकामी झालेली असायची, आणि परतीच्या वाटेवर गोळीबार सुरू व्हायचा.

सीरत शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला हे सुचणं नवल नव्हतं. हिजरतच्या वेळी सौरच्या गुहेत असताना हजरत अब्दुल्लाह बिन अबू बकर (रजि.) दिवसभर मक्केत कुरैशच्या गप्पा ऐकत आणि रात्री गुहेत येऊन सांगत. मागून हजरत आमिर बिन फुहैरा (रजि.) शेळ्यांचा कळप त्या पाऊलखुणांवरून नेत, म्हणजे माग पुसला जाई. खंदकच्या लढाईत थंडीवाऱ्याच्या रात्री हजरत हुजैफा (रजि.) यांना शत्रूच्या छावणीत पाठवलं होतं ते लढायला नाही, खबर आणायला. तवक्कुल आणि तयारी यात झगडा नाही हे त्या झावियातल्या मुलांनी लहानपणीच ऐकलेलं होतं.

जाळ्याला भोकंही होती, ती लपवण्यात अर्थ नाही. इटलीही पैसा वाटत होती, तिचेही खबरी होते. सनुसी घराण्यातलेच मुहम्मद रिदा १९२८ मध्ये शरण गेले. १९२९ च्या जूनमध्ये नवा गव्हर्नर बादोग्लिओ आणि उमर मुख्तार यांच्यात सिदी रहूमा इथे बोलणी झाली, काही महिने बंदुका शांत राहिल्या. बादोग्लिओने ती शरणागती असल्याचा गवगवा केला. उमर मुख्तार यांनी इजिप्तच्या वर्तमानपत्रांमार्फत ते खोडून काढलं. खोट्या बातमीला खरी बातमी लगेच जायला हवी, नाहीतर तंबूंमधली हिंमत खचते, हे त्यांना पक्कं कळत होतं. त्यांनाही पगार, घर आणि आरामाची लालूच दाखवली गेली होती. ती त्यांनी नाकारली आणि वर्ष संपायच्या आत लढाई पुन्हा पेटली.

मार्च १९३० मध्ये जनरल ग्राझियानी बरक्यात आला. हा माणूस क्रूर होता, पण मूर्ख नव्हता. आपल्या आधीच्यांना जे समजलं नाही ते त्याने ओळखलं. डोंगरातल्या हजार माणसांचा पाठलाग करून काही होणार नाही, त्यांना डोळे-कान देणारी प्रजा तोडली पाहिजे. मग त्याने एकेक धागा कापायला घेतला. शरण आलेल्यांची हत्यारं काढून घेतली. लिबियन शिपायांवर भरवसा उरला नव्हता, म्हणून त्यांची संख्या घटवून एरिट्रियाच्या पलटणी पुढे केल्या. झाविया बंद केल्या, त्यांच्या वक्फ जमिनी जप्त केल्या, शेखांना समुद्रापलीकडे उस्तिका बेटावर कैदेत टाकलं. फिरती न्यायालयं विमानाने उतरायची, उभ्या उभ्या निकाल द्यायची आणि तिथेच फाशी व्हायची. डोंगरात एक पोतं जव पाठवलं, एवढाही गुन्हा त्यासाठी पुरे होता. जुलै १९३० मध्ये दूर दक्षिणेच्या ताझिर्बो मरूद्यानावर विषारी मस्टर्ड गॅसचे बॉम्ब टाकले गेले.

एवढ्यानेही जाळं तुटेना. तेव्हा १९३० च्या उन्हाळ्यात बादोग्लिओ आणि ग्राझियानीने डोंगरावरची सगळी माणसंच उचलली. बायका, पोरं, म्हातारे, उंट, शेळ्या, सगळे. सुमारे एक लाख लोक, म्हणजे बरक्याची जवळपास निम्मी वस्ती. काही कबिल्यांना शेकडो किलोमीटर पायी हाकत नेलं. वाटेत जो मागे पडला तो गेला. सुलूक, अल-मगरून, अल-बुरैका, अल-अगैला अशा ठिकाणी काटेरी तारांच्या आत तंबूंच्या रांगा लागल्या. उपासमार, टायफस आणि मार. अल-अगैलाची छावणी तर लढणाऱ्यांच्या नातेवाइकांसाठी खास राखलेली. या छावण्यांत आणि वाटेवर मेलेल्यांचा आकडा अनेक इतिहासकार ४० हजारांपासून ७० हजारांपर्यंत धरतात. जनावरं तर जवळजवळ संपलीच.

युरोपातली एक बलाढ्य सत्ता विमानं असूनही मेंढपाळांच्या कुजबुजीला हरवू शकली नाही. शेवटी तिने मेंढपाळच संपवले. छावण्यांचा इतिहास वाचताना हे विसरता येत नाही की ती शिक्षा होती बातमी पोहोचवण्याची.

राहिली होती इजिप्तची वाट. तिथून काफिले येत, पैसा येत, निर्वासितांचे निरोप येत. १९३१ मध्ये समुद्रापासून जगबूबपर्यंत सुमारे २७० किलोमीटर लांब काटेरी तारांचं जाडजूड कुंपण घातलं गेलं. मध्ये चौक्या, टेलिफोनची तार, वर विमानांची गस्त. त्याआधी जानेवारीत कुफ्राही पडलं होतं.

डोंगर आता मुका झाला होता. चालती बोलती वस्ती उरली नव्हती, त्यामुळे जिथे हालचाल दिसेल तिथे लढणाराच असणार. विमानाचं काम एकदम सोपं झालं. उमर मुख्तार यांचे जवळचे साथीदार फुजैल बू उमर १९३० च्या सप्टेंबरात शहीद झाले. त्याच सुमाराच्या एका चकमकीत उमर मुख्तार यांचा चष्मा पडला आणि तो ग्राझियानीच्या टेबलावर जाऊन पोहोचला. सत्तरीचे शेख, घोड्यावर, अर्धपोटी. तरी कुरआनची तिलावत चुकत नव्हती, दर सात दिवसांनी एक खत्म हा त्यांचा जुना नेम असल्याचं सोबतच्या लोकांनी सांगून ठेवलंय. इजिप्तला निघून जा असं त्यांना अनेकांनी विनवलं. ते गेले नाहीत.

११ सप्टेंबर १९३१. अल-बैदाला सहाबी हजरत रुवैफी बिन साबित अन्सारी (रजि.) यांची कबर आहे, लोक तिला सिदी राफी म्हणतात. थोड्या घोडेस्वारांसह ते त्या भागात गेले होते. परतीच्या वाटेवर स्लंताजवळच्या दरीत इटालियन घोडदळाने त्यांना गाठलं. पूर्वी असं कधी झालं असतं? चार तंबूंनी चार दिशांनी आधीच निरोप धाडला असता. यावेळी तंबूच नव्हते. घोडा गोळी लागून कोसळला आणि शेख त्याच्यासोबत खाली आले. पकडणाऱ्यांना आधी कळलंच नाही की आपण कोणाला धरलंय. त्यांना ओळखलं ते इटलीच्या नोकरीतल्या एका लिबियन शिपायाने. वीस वर्षं ज्या ओळखीपाळखीने त्यांना राखलं, तिनेच अखेर त्यांचं नाव सांगितलं.

किनाऱ्यावरच्या सूसाहून त्यांना युद्धनौकेने बेनगाझीला आणलं. १५ सप्टेंबरला संध्याकाळी फॅसिस्ट पक्षाच्या इमारतीत खटला चालला आणि थोड्याच वेळात उरकला. त्यांनी एकही लढाई नाकारली नाही, जबाबदारी कोणावर ढकलली नाही. बचावासाठी नेमलेल्या कॅप्टन लोंतानो या इटालियन अधिकाऱ्याने त्यांची बाजू मनापासून मांडली, म्हणून त्यालाच नंतर शिक्षा भोगावी लागली. दुसऱ्या दिवशी, १६ सप्टेंबर १९३१ ला सकाळी सुलूकच्या छावणीत त्यांना फाशी दिलं गेलं. हे दृश्य पाहायला सुमारे २० हजार कैद्यांना उभं केलं होतं. जागा मुद्दाम निवडलेली. ज्यांनी त्यांना वर्षानुवर्षं भाकरी आणि बातमी पुरवली, तेच लोक समोर होते. अल्लाहचं नाव घेत शेख फासाकडे चालत गेले.

त्यांच्यानंतर यूसुफ बू राहील यांनी उरलेल्या माणसांची सूत्रं घेतली. डिसेंबरात ते थोड्या साथीदारांसह इजिप्तकडे निघाले आणि सरहद्दीवरच्या त्या काटेरी कुंपणाजवळ लढताना शहीद झाले. २४ जानेवारी १९३२ ला बादोग्लिओने बंड संपल्याचं जाहीर केलं. छावण्या रिकाम्या व्हायला त्यापुढेही एक-दोन वर्षं गेली. जे जगले ते डोंगराकडे परतले तेव्हा चांगल्या जमिनींवर इटालियन वसाहतवाल्यांची शेतं उभी राहत होती आणि बहुतेकांकडे हाकायला एक शेळीही उरली नव्हती.